'नो ऑफेन्स' म्हणजे नक्की काय? (घरात भांडण लागलंय, लवकर सांगा)

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. धागा इंग्रजी शब्दाचा आहे, पण कारण घरगुती आहे. आधी तेच सांगतो.

आमचे दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, पोलीस खात्यातून रिटायर झालेत. शेवटची बरीच वर्षं पोलीस ठाण्यात रायटर, म्हणजे फिर्यादी लिहून घेणारे, होते. गावी, औसा तालुक्यात, घर बांधलं. मागच्या आठवड्यात रंगकाम उरकलं आणि दादांनी हौसेनं फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांचे अंगठे, फुलं, जोडलेले हात आले. तेवढ्यात पुण्याहून भाच्यानं लिहिलं, "नो ऑफेन्स मोठे मामा, पण तो पोपटी रंग बघवत नाही."

दहा मिनिटं ग्रुप चिडीचूप. मग दादांचा मेसेज: "ऑफेन्स नाही म्हणजे? मग एनसी आहे का?" (एनसी म्हणजे नॉन-कॉग्निझेबल, अदखलपात्र गुन्हा.)

भाच्याला वाटलं मामा गंमत करायलेत. त्यानं हसून हसून रडणाऱ्या पाच बाहुल्या टाकल्या. पुढच्या मिनिटाला दादा ग्रुपच्या बाहेर.

आता अक्का रोज फोन करून रडायलीय. वास्तुशांती येत्या गुरुवारी. दादांचं एकच म्हणणं, "जन्मभर दुसऱ्याचे ऑफेन्स लिहिले मी. आता हे लेकरू मला सांगायलंय, ऑफेन्स नाही म्हणून. केला होता कुणी?"

मी स्वतः हायस्कूलला इंग्रजी शिकवतो आणि दादांना समजावताना माझीच बोबडी वळली. ऑफेंड म्हणजे मन दुखावणे, असं मी वर्गात सांगतो. मग ऑफेंडर म्हणजे मन दुखावणारा का होत नाही, गुन्हेगारच का होतो? ऑफेन्सिव्ह म्हणजे चढाई पण आणि घाणेरडं पण? हा एक शब्द आहे की तीन? आणि मराठीत याला नेमकं काय म्हणावं?

तूरडाळ
"मग एनसी आहे का?" दादांना माझा साष्टांग दंडवत. सोमवारी ऑफिसात वापरणार.

कोर्टकचेरी
वकील असल्यामुळे राहवत नाही. दादांची एक दुरुस्ती करतो, त्यांना आवडणार नाही. एनसी हाही ऑफेन्सच असतो. अदखलपात्र म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करता येत नाही एवढंच. गुन्हा तो गुन्हाच. शिवीगाळीचं जुनं ५०४ कलम, आताचं ३५२, एनसीतच जातं.

कायद्यातल्या ऑफेन्सचा मनाशी काडीचा संबंध नाही. १८६० च्या दंडविधानात ४० व्या कलमात व्याख्या होती, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ती कलम २ मध्ये आहे. सार एकच: कायद्यानं ज्याला शिक्षा सांगितली ते ऑफेन्स. हेल्मेट न घालता औशाहून लातूरला गेलात तर ऑफेन्स झाला. कुणाचं मन दुखावलं? कुणाचंच नाही. म्हणून ऑफेंडर म्हणजे गुन्हेगार.

गंमत अशी की जिथं खरोखर मनाचा प्रश्न येतो तिथं कायदा वेगळेच शब्द काढतो. धार्मिक भावनांचं २९५अ कलम १९२७ साली घातलं (आता २९९). त्यात 'आउटरेज' आणि 'इन्सल्ट' आहे, आणि त्याआधी 'जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीनं' ही अट. नुसतं कुणाला वाईट वाटलं म्हणून ते कलम लागत नाही. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे सांगितलंय. निष्काळजीपणे, नकळत झालेला अपमान त्यात येत नाही.

मांजराकाठ
दादांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मला एनसी शिकवतो का हा?" आणि उठून गेले. पण २९५अ पर्यंत ऐकत बसले होते, हे नोंदवतो.

हुरड्याची_आगटी
सर, पोपटी रंगाला मात्र जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीनं लागू होतंय असं वाटायलंय. नो ऑफेन्स.

बालाघाट
एक शब्द की तीन? मूळ एकच. लॅटिनमध्ये ऑफेंडेरे. ऑब म्हणजे समोरून, अंगावर. फेंडेरे म्हणजे धडकणं, मारणं. हे फेंडेरे बिचारं एकटं कुठं सापडत नाही, कायम जोडीनं येतं. समोरून धडकलं की ऑफेंड, धडक परतवली की डिफेंड. कुंपणाचा फेन्स हे डिफेन्सचंच मुंडकं उडवलेलं रूप.

आता धडक कुठं बसली यावर अर्थ ठरतो. शत्रूवर बसली तर ऑफेन्सिव्ह म्हणजे चढाई. कायद्यावर बसली तर गुन्हा. नाकावर बसली तर दुर्गंधी. मनावर बसली तर तुमचे दादा.

अजून एक अर्थ होता, आता मागं पडला: ठेच लागणं, अडखळणं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये उजवा डोळा 'ऑफेंड' करत असेल तर उपटून टाक, असं वाक्य आहे. आजचा वाचक बुचकळ्यात पडतो की डोळ्यानं मालकाचं मन कसं दुखावलं. तिथं अर्थ आहे पाय घसरवणं, वाटेत धोंडा होणं.

म्हणून माझं मत, मराठी शब्द शोधायला लांब जायची गरज नाही. लागणे. पायाला लागलं, मनाला लागलं. दगड असो की बोलणं, आपण एकच क्रियापद वापरतो. रोमन लोकांनी जे केलं तेच आपल्या आजीनं केलं.

तूरडाळ
"मनावर बसली तर तुमचे दादा" हे शब्दकोशात छापा.

शेवंता_नांदेड
बालाघाट, छान लिहिलंय. पण 'लागलं' मध्ये एक अडचण आहे. 'मनाला लागलं' हे लई खोल आहे. जिव्हारी लागतं, वर्मी लागतं. इंग्रजीतलं ऑफेंड कधीकधी उथळ असतं. मुंबईतली माझी चुलतबहीण चहात साखर जास्त झाली तरी ऑफेंड होते. तिला 'लागलं' म्हणू का? आपल्याकडं त्याला 'फुगली' म्हणतात.

हुरड्याची_आगटी
फुगणे, रुसणे, नाक मुरडणे, खटकणे, खुपणे, टोचणे, झोंबणे, मिरच्या लागणे. इंग्रजांकडं एकच शब्द, आपल्याकडं अख्खा मसाल्याचा डबा.

कोर्टकचेरी
हिंगाची डबी राहिली: 'आक्षेपार्ह'. पेपरवाल्यांचा लाडका शब्द. आक्षेपार्ह मजकूर, आक्षेपार्ह घोषणा, आणि लॉजवर सापडलेले 'आक्षेपार्ह अवस्थेत'.

ऊसतोड_ते_आयटी
आक्षेपार्हवरून आठवलं. आमच्या गावाशेजारी एक साखर कारखाना आहे, नाव घेत नाही. गळीत हंगामात मळीच्या वासानं झोप येत नाही. गावातल्या एका शिकलेल्या माणसानं इंग्रजीत अर्ज केला, त्यात 'ऑफेन्सिव्ह ओडर' असा शब्द घातला. काही महिन्यांनी वरच्या कचेरीतून मराठीत पत्र आलं: "आपल्या गावातील आक्षेपार्ह वासाबाबत..."

ग्रामपंचायतीत जाहीर वाचन झालं. माझे आजोबा पारावर सगळ्यांना विचारत होते, "वासावर आक्षेप कुणी घेतला? नाव सांगा त्याचं." पुढं काय झालं? काही नाही. वास अजून येतोय, आक्षेपही अजून आहे.

दूरदेशी
अमेरिकेत राहून वीस वर्षं झाली, मूळ अंबाजोगाई. इथं फुटबॉलमध्ये चढाई करणाऱ्या बाजूला ऑफेन्स म्हणतात आणि उच्चारात पहिल्या अक्षरावर जोर देतात, 'ऑ'वर. मन दुखावण्याच्या ऑफेन्समध्ये जोर 'फेन्स'वर. स्पेलिंग इकडं एसनं, आपल्याकडं ब्रिटिशांसारखं सीनं. नवीन होतो तेव्हा मित्र म्हणाला, आमच्या टीमचा ऑफेन्स फार दुबळा आहे. मी त्याला धीर दिला, की चांगलंच आहे, कुणाला दुखवू नये.

परभणीचा_जुना
पोरांनो, एवढं लॅटिन कशाला पाहिजे? 'नो ऑफेन्स' ला आपल्या मुलखात शंभर वर्षांपासून शब्द आहे. गुस्ताखी माफ.

निजामाच्या राज्यात शाळा उर्दू, कचेरी उर्दू, कोर्ट उर्दू. माझे वडील मराठी घरात बोलायचे आणि अर्ज उर्दूत लिहायचे. सतरा सप्टेंबर अठ्ठेचाळीसला राज्य गेलं, पण त्यांच्या तोंडातली अदब गेली नाही. मोठ्या माणसाला काही सुनवायचं असलं की आधी, "गुस्ताखी माफ, लेकिन..." आणि त्या 'लेकिन' नंतर असं काही यायचं की समोरचा घाम पुसत बसायचा.

फरक लक्षात घ्या. गुस्ताखी माफ म्हणणारा कबूल करतो की मी मर्यादा सोडतोय, पदरात घ्या. नो ऑफेन्स म्हणणारा परस्पर निकाल देतो की गुन्हा झालेलाच नाही. फिर्यादी बोलायच्या आत आरोपी निर्दोष! दादांना हेच लागलं असणार. रायटर माणूस, त्याच्या देखत पंचनाम्याआधी निकाल?

मांजराकाठ
काका, पाया पडतो. हे संध्याकाळी दादांना ऐकवतो.

बालाघाट
+१. मराठीतही तसंच आहे की. 'राग मानू नका', 'लहान तोंडी मोठा घास घेतो'. यात बोलणारा वाकतो. 'नो ऑफेन्स' ताठ उभा.

इंग्रजीचा_तास
मीही शिक्षिका, बीड. व्याकरणाची एक बाजू कुणी घेतली नाही. इंग्रजीत दोन वेगळ्या रचना आहेत: कुणी तरी 'ऑफेंड' करतं, आणि कुणी तरी 'टेक ऑफेन्स' करतं. पहिल्यात जबाबदारी बोलणाऱ्याची, दुसऱ्यात ऐकणाऱ्याची. पोरं म्हणतात आपल्या भाषेत असं नाही. आहे ना! 'लागणे' आणि 'लावून घेणे'. 'वाईट वाटणे' आणि 'वाईट वाटून घेणे'. आपलं 'घेणे' आणि त्यांचं 'टेक' एकच. 'मनावर घेऊ नका' म्हणजे शब्दशः डोण्ट टेक.

(आणि पोरांच्या चुका: 'ही ऑफेंडेड ऑन मी' लिहितात, कारण डोक्यात 'माझ्यावर रागावला' असतं. ऑन नको. 'ही वॉज ऑफेंडेड बाय' किंवा 'अॅट'. 'अगेन्स्ट' लावलं की परत कायद्याच्या नाहीतर शिष्टाचाराच्या उल्लंघनाकडं जातं.)

नाथषष्ठीचा_वारकरी
लावून घेण्यावरून बोलायचं तर पैठणला येऊनच थांबावं लागतं. नाथ महाराज गोदावरीत स्नान करून येत आणि एक माणूस वरून त्यांच्यावर थुंके. महाराज परत नदीवर. तो परत थुंके. असं एकशे आठ वेळा झालं अशी कथा सांगतात. शेवटी तोच पाया पडला, आणि महाराज म्हणाले, तुझ्यामुळं आज इतक्या वेळा गोदास्नान घडलं. घेतलंच नाही तर लागणार कुठून?

शेवंता_नांदेड
माऊली, राग मानू नका, पण मला आता लिहावंच लागेल.

मी पुण्यात नोकरीला लागले तेव्हा माझी बोली नांदेडची. "काय करायलास", "जायलेय" असंच बोलायची. पहिल्या आठवड्यात मी फोनवर आईला म्हटलं, "जेवायलेय गं माय." शेजारच्या टेबलावरचा एकजण जोरात "जेवायलेय!" म्हणाला आणि सगळी रांग हसली. मग ते रोजचंच झालं. मी उठले की "जायलीस का?" पाणी आणलं की "प्यायलीस का?" वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. सांगितलं तर उत्तर काय? "अगं गंमत केली, एवढं काय लावून घेतेस!"

हे 'लावून घेतेस' फार सोयीचं आहे. मारणारा हात झटकून मोकळा. माझ्याकडं मराठीत त्यावर शब्दच नव्हता. अपमान म्हणावं तर फार मोठा, चेष्टा म्हणावं तर फार लहान. मी महिनाभर आईशी जिन्यात जाऊन बोलायचे. शेवटी मॅनेजरला इंग्रजीत मेल लिहिली: आय फाइंड धिस ऑफेन्सिव्ह. दुसऱ्या दिवशी बंद. दहा वर्षं झाली. तो शब्द माझ्या कामाला आला, त्याला नावं ठेववत नाहीत मला.

नाथ महाराज एकशे आठ वेळा नदीवर गेले, खरं आहे. पण तो थुंकणारा तिथं का उभा होता हे कुणी विचारत नाही.

हुरड्याची_आगटी
शेवंताताई, वरचा माझा मसाल्याचा डबा परत घेतो. आम्ही पण हॉस्टेलला एका पोराला 'कामून' (म्हणजे 'का') म्हणून चिडवायचो. जिंतूरचा होता. आता कुठं असेल कुणास ठाऊक.

नाथषष्ठीचा_वारकरी
ताई, तुमचं बरोबर आहे. मी आपला ऐकणाऱ्याच्या बाजूनं बोललो. कीर्तनात बहुतेक ऐकणारेच बसलेले असतात.

तूरडाळ
पण याची दुसरी बाजू पण आहे ना. हल्ली कुणीही उठतं, 'भावना दुखावल्या' म्हणतं आणि ठाण्यावर मोर्चा. उद्या पोपटी रंगवाल्यांच्या भावना दुखावतील.

कोर्टकचेरी
यावर आपल्याकडं एक मोठा निकाल आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ कलम होतं: 'ग्रॉसली ऑफेन्सिव्ह' मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. अतिशय ऑफेन्सिव्ह म्हणजे किती, हे कुठंच लिहिलेलं नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकच्या एका पोस्टवरून अटक झाली. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं फक्त लाइक केलं होतं. त्यावरून श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली. २४ मार्च २०१५ ला ते कलम पूर्ण रद्द झालं, कारण शब्द इतका मोघम की कोण कधी अडकेल सांगता येत नाही.

म्हणजे शेवंताताईंच्या ऑफिसात जो शब्द कामाला आला, तोच तुरुंगाच्या दारावर लावला की धोक्याचा झाला. ऑफिसात मॅनेजरनं एकदा बोलून विषय संपतो. कायद्यात त्याच शब्दावर माणूस आत जातो.

दूरदेशी
इथलं एक ठरलेलं वाक्य आहे, 'आय अॅम सॉरी इफ यू वेअर ऑफेंडेड'. तुम्हाला लागलं *असेल तर* सॉरी. पुढारी मंडळी रोज वापरतात. लागलं असेल तर!

परभणीचा_जुना
'चुकभूल द्यावी घ्यावी' चा विलायती भाऊ.

शेवंता_नांदेड
काका, चुकभूल द्यावी घ्यावी मध्ये निदान 'चूक' आहे. त्या 'इफ'मध्ये चूक पण तुमचीच.

इंग्रजीचा_तास
मांजराकाठ सर गायब आहेत. गुरुवार होऊन गेला ना?

मांजराकाठ
झाला. लिहायला उशीर झाला, तीन दिवस पंगतीचीच भांडी मोजायलोय.

बुधवारी रात्री दादांना अंगणात खाटेवर बसवून तुमचा पूर्ण धागा वाचून दाखवला. गुस्ताखी माफ वर हसले. शेवंताताईंचं ऐकून बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ठाण्यात खेड्यातल्या बायका यायच्या, बोली ऐकून आमचे शिपाई हसायचे. मी पण हसलोय." एवढंच.

मग मी विचारलं, दादा, आता तरी सांगा, ऑफेन्स शब्दाचा राग आला ना? तर म्हणाले, "ऑफेन्सचं जाऊ दे रे. मला काय इंग्रजी कळत नाही व्हय? नो ऑफेन्स म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. एनसीचं मी मुद्दाम बोललो, त्याची जिरवायला."

मग ग्रुप कशापायी सोडला?

आत गेले आणि रंगाच्या कंपनीचं शेड कार्ड घेऊन आले. चष्मा लावून एका चौकोनावर बोट ठेवलं. "पिस्ता आहे हे. तो पोपटी म्हणाला. पिस्त्याला पोपटी म्हणतंय कुणी? डब्याला दोनशे रुपये जास्त मोजलेत मी."

भाचा गुरुवारी पहाटेच आला. गाडीतून उतरला आणि वहिनींच्या हातून पाणी घेत घराकडं बघून म्हणाला, "मामा, पिस्ता खरंच छान दिसायलाय." अक्कानं पढवून आणला होता हे उघड आहे. दादा "ये" म्हणाले. ग्रुपमध्ये अजून परत आलेले नाहीत.

कोर्टकचेरी
म्हणजे आम्ही शंभर-दीडशे वर्षांचे कायदे काढले आणि वाद रंगाच्या नावाचा होता.

बालाघाट
आणि मी रोमपर्यंत जाऊन आलो.

तूरडाळ
फोटो टाका सर. निर्णय इथंच होऊ द्या.

मांजराकाठ
टाकलाय. दुपारच्या उन्हातला आहे, सावलीत जरा वेगळा दिसतो.

हुरड्याची_आगटी
गुस्ताखी माफ.

परभणीचा_जुना
लेकिन?

हुरड्याची_आगटी
पोपटीच आहे.